गावानं तोंड मिटलं

१४ ऑगस्ट १९९७

बाळासो भावजी,

वहिनीच्या पत्राला वर आशीर्वाद असतो. या पत्राला नाही, हे आधीच सांगते.

काल शेवटचे पाहुणे गेले. तुमच्या दादांचं कार्य उरकलं आणि आज मी पहिल्यांदा या घरात एकटी बसले आहे. शिक्षण सातवीपर्यंतचं, तुम्हा डॉक्टर लोकांसारखं लिहायला येणार नाही. पण तुम्हाला समजेल एवढं नक्की येईल.

पाणी उतरून रस्ता मोकळा झाल्यावर तुम्ही रक्षाविसर्जनाला आलात. पांढरी टोपी घालून देवळाच्या कट्ट्यावर बसलात आणि विचारेल त्याला सांगितलंत, दादाला हार्ट ॲटॅक आला. सरपंचांना तेच, माझ्या भावाला तेच. मी आत कोपऱ्यात बसले होते, तरी सगळं कानावर येत होतं. डॉक्टरनं सांगितल्यावर कोण शंका घेणार? बायका माझ्याजवळ येऊन म्हणू लागल्या, ॲटॅकला काय इलाज गं, शालन.

दाढेच्या दुखण्यानं गेलेल्या माणसाला तुम्ही ॲटॅक देऊन मोकळे झालात.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही सहावीत होता. आई नसलेलं पोर म्हणून तुम्हाला माझ्या हवाली केलं. आम्हाला पुढं मूल झालं नाही, पण त्याचं दुःख तुमच्या दादांनी कधी केलं नाही. आपल्याला बाळू हाय की, म्हणायचे. तुम्ही कोल्हापूरला कॉलेजला गेलात तेव्हा पहिल्या गाडीनं तुमचा डबा जायचा. मी चुलीपुढं असायची आणि हे चिखलातून पळत जाऊन डबा कंडक्टरच्या हातात द्यायचे. तो दिल्याशिवाय चहाला तोंड लावायचे नाहीत. उपकार म्हणून हे काढत नाही. ज्यानं तुम्हाला खाऊ घातलं त्याच्या तोंडात तुम्ही एकदा डोकावला नाहीत, म्हणून लिहिते.

माझं एकच मागणं आहे. गावात या, देवळापुढं उभे राहा आणि तुमचा दादा कृष्णात कशानं गेला ते सगळ्यांना सांगा. नाही आलात तर मी तुम्हाला आणीन. कसं, ते आज मला माहीत नाही. पण आणीन.

तुमच्या दादांची बायको,
शालन

२५ ऑक्टोबर १९९८

भावजी,

तुमचं उत्तर आलं नाही. तुमच्याऐवजी भाऊबीजेनंतर माझी जाऊबाई, श्रुती आली. गाडीतून आली, साडी घेऊन आली. साडी मी परत पाठवली आहे, मिळाली असेल. तिच्यावर माझा राग नाही. तिनं मला विचारलं, "वहिनी, दादांना आधीपासून हार्टचा त्रास होता का?" तेव्हा मला कळलं की तुम्ही घरातसुद्धा तेच सांगितलं आहे.

मी तिला सगळं सांगितलं. तुमच्या घरात आता काय माहीत झालं आहे हे तुम्हाला कळावं म्हणून तेच इथं लिहिते.

रोप लावणीच्या आधीपासून ह्यांची खालची दाढ ठणकत होती. लवंग दाबली, मिश्री दाबली, मिठाच्या पाण्यानं चुळा भरल्या. आपल्या तालुक्यात दाताचा डॉक्टर नाही, हे तुमच्याएवढं कुणाला ठाऊक? सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, दाताचं कोल्हापूरला दाखवा. हे म्हणाले, आमच्या घरचाच हाय दाताचा डॉक्टर. मग लावण संपेपर्यंत थांबले. लावण संपली तेव्हा हनुवटीच्या खाली दोन्हीकडं सूज आली होती, दगडासारखी. मी तुम्हाला बूथवरून फोन केला. तुम्ही या म्हणालात. म्हणून आम्ही आलो.

तुमच्या दवाखान्यात त्या दिवशी सत्यनारायण होता. मुंबईहून नवीन खुर्ची आली होती, तिची पूजा. राजारामपुरीतले तुमचे सासरचे पाहुणे, त्यांची पोरं, फुलं, शिऱ्याचा वास. आम्हाला बाहेर चपला काढतात तिथल्या बाकावर बसवलं. ह्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. तोंड मिटत नव्हतं आणि उघडतही नव्हतं, लाळ गळत होती, म्हणून टॉवेल धरलेला. बऱ्याच वेळानं तुम्ही रेशमी झब्ब्यात बाहेर आलात. टॉवेल बाजूला केलात, सूज बघितलीत आणि टॉवेल होता तसा ठेवलात. म्हणालात, सूज असताना दाढ काढता येत नाही, गोळ्या देतो, सोमवारी या.

मी तुम्हाला सांगितलं होतं की पाणी गिळवत नाही. आवाज बघा म्हटलं, तोंडात गरम घास धरून बोलावं तसा झालाय. तुम्ही मागं दाराकडं बघितलंत. सासऱ्यांनी हाक मारली होती. ह्यांनी माझा हात दाबला आणि त्याच आवाजात म्हणाले, "पावण्यांत गडबड नको. चल."

जाताना तुम्ही कागदात प्रसाद बांधून दिलात. पाणी गिळवत नाही म्हणून सांगितलेल्या माणसाच्या हातात तुम्ही शिरा दिलात, भावजी.

रात्री घरी राहा असंसुद्धा म्हणाला नाहीत. आम्ही एसटीनं परत आलो. दुसऱ्या दिवशी मांडुकलीजवळ पाणी आलं आणि रस्ता बंद झाला. सोमवारपर्यंत पोचायचं कुठं होतं? रविवारी दुपारी ह्यांना आडवं पडवेना. बसून, मान पुढं काढून श्वास ओढत होते. शेजारच्या जोतीरामनं आणि गावातल्या पोरांनी खाट खांद्यावर घेतली आणि तालुक्याकडं निघाली. ओढ्याच्या अलीकडं श्वास थांबला. मी शेजारून चालत होते. श्वास थांबायच्या आधी ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी मला खरं सांगितलं. दाढेतला पू जिभेखाली आणि गळ्यात उतरला, श्वासाची वाट बंद झाली. आदल्या गुरुवारी कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं असतं तर गळ्याखाली चिरून पू काढला असता. तुम्हाला दाढ काढायची नव्हती, भावजी. तोंडात बघून एवढंच म्हणायचं होतं, इथून थेट तिकडं जा. रिक्षानं किती लांब होतं?

हे ऐकून श्रुती पायरीवर बसली. तिला पाणी दिलं. जाताना ती माझ्या पाया पडली. तुमच्या घरात त्यानंतर काय झालं ते मला माहीत नाही. चांगलं झालं नसावं, अशी माझी इच्छा आहे.

शालन

९ जानेवारी २००४

भावजी,

एवढी वर्षं तुम्ही गावाकडं फिरकला नाहीत. आता दूध डेअरीच्या भिंतीवर तुमचा कागद लागला आहे. कै. कृष्णात यांच्या स्मरणार्थ मोफत दंत तपासणी शिबिर, शाळेचं मैदान, येत्या अठरा तारखेचा रविवार. खाली तुमचं नाव, डॉ. बाळासाहेब. बाळासोचे बाळासाहेब कधी झालात? वर ह्यांचा फोटो आहे. तो आमच्या लग्नातला आहे. शेजारी मी होते, मला कापून काढलंत.

लोक सांगतात, तुम्हाला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं आहे, आणि उद्घाटनाला मोठे नेते येणार आहेत. गावातला माणूस, भावाच्या आठवणीत शिबिर घेतो, चांगलं दिसेल.

मी अडवणार नाही. मैदान मीच झाडून घेते. तुम्ही शंका ठेवू नका, गाव येईल. म्हातारी माणसंसुद्धा येतील, एक माणूस घरी राहणार नाही. त्याची जबाबदारी माझी.

तुम्ही या मात्र.

शालन

२० जानेवारी २००४

भावजी,

परवा तिथं तुम्हीही होता. पण खुर्चीजवळून तुम्हाला जे दिसलं नाही ते सांगते.

कागद लागला त्या दिवसापासून मी घरोघरी गेले. आधी कुणी नीट ऐकेना. म्हणत होते, शालन, तुझं दुःख खरं, पण कोल्हापुरात आपलं कोण हाय? उद्या कुणाला ॲडमिट करायची पाळी आली तर बाळूचीच वळख लागणार. मी वाद घातला नाही. प्रत्येक घरात एकच विचारलं, तुमच्यातल्या कुणाला त्याच्या वळखीचा आजवर उपयोग झाला? म्हाताऱ्या बायडाबाईनं जोतिबाच्या यात्रेत रस्त्यावरच्या माणसाकडून दाढ उपटून घेतली होती. अर्धी आतच राहिली आणि गालाला भोक पडून वर्षभर पू वाहिला. त्या काळात ती तुमच्या दवाखान्यात दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा तुमच्या माणसानं तिला जिन्यावरूनच परत पाठवलं. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटली म्हणाली. लाज तिला वाटली.

मग जोतीराम बोलला. डेअरीपुढं सगळी दूध घालायला जमतात तिथं बोलला. म्हणाला, खाटेचा पुढचा खूर माझ्या खांद्यावर होता, कृष्णाताचा श्वास माझ्या कानाशी होता, तो गळा आवळल्याचा श्वास होता, ॲटॅक कसला. आपण सगळ्यांनी बघितलं आणि सगळी गप्प बसलो, म्हणाला. त्यानंतर मला कुणाच्या दारात जावं लागलं नाही.

रविवारी सकाळी गाव धुतलेले कपडे घालून मैदानात आलं. तुम्ही खूश झालात, ते मी बघितलं. बायडाबाई पहिली खुर्चीत बसली. तुम्ही आरसा घेऊन वाकलात आणि गोड आवाजात म्हणालात, आजी, आ करा. तिनं तुमच्याकडं बघत ओठ घट्ट मिटले. तुम्ही हसलात, तुम्हाला वाटलं म्हातारी घाबरली. दुसऱ्या बाईनं तेच केलं. मग जोतीराम बसला. त्यानं तोंड मिटून हात मांडीवर ठेवले आणि शांत बसून राहिला. तेव्हा तुमचं हसू गेलं. तुम्ही रांगेकडं बघितलंत. रांगेतल्या कुणाचंच तोंड हलत नव्हतं. कुणी बोलत नव्हतं, लहान पोरं रडत नव्हती. माईकची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग तुम्ही बायकांच्या बाजूला मला शोधलंत. मी उभी राहिले, म्हणजे शोधायला त्रास नको.

इतकी वर्षं मी त्या क्षणासाठी काढली होती. तो तिथंच संपला असता तर मला पुरलं असतं. नेते येतील, मिटलेली तोंडं बघतील, विचारतील, आणि कुणीतरी सांगेल.

पण बनाबाई आली. धनगरवाड्यावर मी गेले नव्हते. त्यांना आमचं ठरलेलं काही माहीत नव्हतं, फुकट दात बघणार एवढंच कळलेलं. डोंगर उतरून सुनेला घेऊन आली. पारू, नुकतं लग्न झालेली पोर. हनुवटीखाली टॉवेल धरला होता. रांग सोडून बनाबाई सरळ खुर्चीकडं गेली आणि पारू काहीतरी म्हणाली. पाणी जात न्हाय, असं म्हणाली. भावजी, तो आवाज.

तुम्हीही ओळखलात. तिला बसवून म्हणालात, आ कर, बाळ. तोंड बोटभर उघडलं. तुम्ही बॅटरी धरलीत, वाकून बघितलंत, बोटानं जिभेखाली दाबलंत. मान वर केलीत तेव्हा तुम्ही पारूकडं बघितलं नाहीत, बनाबाईकडं नाही, माझ्याकडं बघितलंत. मग तुमच्या माणसाला म्हणालात, गाडी काढ. तो म्हणाला, नेते घाट रस्त्याला लागलेत, फीत कापून झाल्यावर जाऊ. तुम्ही त्याला ढकलून पारूला उचललंत. हे तुमच्या बाजूनं लिहायला हवं म्हणून लिहिते.

मी गाडीच्या दाराला जाऊन उभी राहिले. त्या वेळी माझ्या डोक्यात ती पोर नव्हती. बनाबाईनं माझे पाय धरले तरी नव्हती.

"तुमचा भाऊ कशानं गेला?" मी विचारलं.

"वहिनी, ही पोर मरंल. बाजूला व्हा."

"मरंल ते तुम्हाला कशावरनं कळलं?"

"तोंडात बघितलं म्हणून."

"आणि त्यांच्या?"

किती वर्षांनी तुमच्या तोंडून गावाकडची बोली ऐकली. तुम्ही म्हणालात, "दादाच्या तोंडात मी बघितलं न्हाय. ॲटॅक न्हवता. दाढेच्या सुजंनं गेला. मी बघितलं असतं तर वाचला असता."

माईकवर नाही बोललात. गरज नव्हती, तिथं पानसुद्धा हलत नव्हतं. बायडाबाईनं डोक्यावरचा पदर तोंडाला लावला. मी दार सोडलं आणि पारूशेजारी बसले. तिला आडवी करू नका, असं तुम्ही आणि मी एकदमच म्हणालो.

तुम्ही गाडी हाणत होता आणि मी मागं पारूची मान धरून बसले होते. त्या दिवशी एसटीत हाच रस्ता सरता सरत नव्हता. परवा बघितलं, तो असाही सरतो. मोठ्या दवाखान्यात तुम्ही ओरडून डॉक्टर जमवलेत, तिला आत नेलं. तुम्ही भिंतीला टेकून उभे होता, मी बाकावर. आतून निरोप आला की गळ्याखाली चिरलं, पू काढला, श्वास सुरळीत आहे. तुम्ही खाली बसून रडलात. मी तुम्हाला रडू दिलं आणि एसटी धरून घरी आले.

नेते येऊन फीत न कापताच परत गेले, असं जोतीरामनं सांगितलं.

शालन

११ मे २००४

भावजी,

तुमचं पत्र मिळालं. तुमचं मला आलेलं हे पहिलं पत्र. कॉलेजात होता तेव्हासुद्धा डब्यात चिठ्ठी फक्त दादांच्या नावानं असायची.

तुम्ही लिहिलंत, तिकीट गेलं त्याचं काही वाटत नाही. खोटं असलं तरी राहू दे. लिहिलंत, श्रुती आता समोर बसून जेवते. बरं झालं. लिहिलंत, मी दार धरून उभी राहिले त्या वेळात पारू गेली असती तर? हे विचारायचा अधिकार तुम्हाला नाही. बनाबाईला आहे आणि तिनं विचारलं. माझ्या उंबऱ्यात उभी राहून विचारलं. मी तिच्यापुढं मान खाली घातली, अजून वर केलेली नाही. तो हिशेब माझा आणि तिचा आहे, तुम्ही त्यात येत नाही.

दर आठवड्याला तालुक्याला येऊन दाताचा दवाखाना चालवायचा तुमचा विचार आहे, त्याला दादांचं नाव द्यायची परवानगी मागता. या. इथल्या लोकांच्या दाढा दुखतात, त्यांना दुसरं कोण आहे? बायडाबाईची अर्धी दाढ अजून आत आहे, ती आधी काढा. गावाला मी सांगितलं आहे की आता तोंड उघडा. पण पाटीवर त्यांचं नाव नको. त्यांना आरामात राहू दे.

माफी मागितलीत. नाही. मी बसून विचार केला, देवळात जाऊन बसले, तरी मनातून माफी नाहीच आली. तुम्ही खरं बोललात म्हणून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तेही झालं नाही. मी अजून सकाळी उठते तेव्हा त्यांचं ते ओढ्याच्या अलीकडचं बघणं आधी समोर येतं.

परवा पारू आली होती. हनुवटीखाली आडवा व्रण आहे, पदरानं झाकते. मी तिला झाकू नको म्हटलं. सुकट आणि भाकरी वाढली, समोर बसून तिचं खाणं बघितलं. कडक पापुद्रासुद्धा चावत होती. विहिरीवर बायका तिला विचारतात, कुणी वाचवलं गं? ती तुमचं नाव घेते. मी तिथं असले तर मीही हो म्हणते, कारण ते खरं आहे. मग दुसरं खरं मी सांगते. मी आहे तोवर तुमच्याबद्दल या गावात दोन्ही सांगितलं जाईल.

आधी कुठलं सांगायचं, तेवढं माझ्या हातात आहे.

शालन